शपथेचं मुद्दल आणि यंत्राचं व्याज

इतिहास या विषयाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेत संपला, आणि दोघांनीही सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे मी कॉमर्सला गेलो. कॉमर्सला इतिहास नसतो असं नाही. असतो, पण तो फार तर गेल्या एकतीस मार्चपर्यंत मागे जातो. त्याच्या आधीचं सगळं 'मागील बाकी पुढे ओढली' या एका ओळीत मावतं. शाहिस्तेखानाची बोटं, पानिपतचा खुर्दा, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, सगळं मागील बाकी!

तेव्हा आमच्या नववीतल्या चिरंजीवांनी एका रविवारी "बाबा, राष्ट्रप्रमुखांचे शपथविधी आणि बदलते तंत्रज्ञान यावर पाच मिनिटांचं भाषण लिहून द्या," असं सांगितलं, तेव्हा मी पेपर आणखी वर धरला. पण आमच्या घरात वक्तृत्वस्पर्धेच्या काळात मोबाईलबंदी असते. हिने स्वयंपाकघरातूनच निकाल दिला, "मोबाईल नाही मिळायचा. बाबांना विचार. बँकेत तर असतात, त्यांना काय काम असतं?"

बँकेत मी काय करतो, हे या घराला गेल्या अठरा वर्षांत कळलेलं नाही. त्यात घराचा दोष नाही. मी नोकरीला लागताना बँकेने माझ्याकडून निष्ठा आणि गुप्तता यांचं प्रतिज्ञापत्र लिहून घेतलं आहे. निष्ठेचं मला सांगता येणार नाही, पण गुप्तता मी इतकी कसोशीने पाळली, की बायकोलासुद्धा माझ्या कामाचा पत्ता लागू दिला नाही.

तो माझ्या आयुष्यातला एकमेव शपथविधी. बोईसरची शाखा, जून महिना, बाहेर धो धो पाऊस, आत ट्यूबलाइटची फडफड. तोफा नव्हत्या, सनई नव्हती. हेड कॅशियरनी टेबलावर एक छापील कागद सरकवला आणि जेवणाचा डबा उघडता उघडता म्हणाले, "खाली सही ठोक." मी सही करायला गेलो तर पेन उठेना. दुसरं पेन दोरीने काउंटरला बांधलेलं. ती दोरी टेबलापर्यंत पोचेना. शेवटी कागद घेऊन मीच काउंटरपाशी गेलो, आणि स्लिप भरणाऱ्या एका गिऱ्हाइकाला "जरा थांबा हं" म्हणून राष्ट्राच्या, म्हणजे बँकेच्या, सेवेत रुजू झालो. कागदावर काय लिहिलं होतं ते मी वाचलं नाही. छापील मजकूर वाचायचा नसतो, हा बँकेतला पहिला धडा मी तिथल्या तिथे शिकलो.

असो. चिरंजीवांसाठी मी सार्वजनिक वाचनालयातून पुस्तकं आणली आणि दोन रविवार वाचत बसलो. वाचता वाचता माझ्या कॉमर्सच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला. शपथ हे मुद्दल. ते वर्षानुवर्षं तेवढंच असतं. अमेरिकेच्या अध्यक्षाची शपथ इंग्रजीत अवघ्या पस्तीस शब्दांची आहे, आणि १७८९पासून त्यात शब्दाची भर पडलेली नाही. बदलत जातं ते व्याज, म्हणजे ती शपथ किती लोकांपर्यंत, किती वेळात आणि कशावर बसून पोचते ते. आणि हे व्याज चक्रवाढ आहे.

सुरुवात अर्थातच रायगडापासून. ६ जून १६७४. शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक. गागाभट्टांचे मंत्र, सप्तनद्यांचं पाणी, सिंहासन हे सगळं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन गडावर हजर होता. त्याने जे पाहिलं ते लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला एका परक्याच्या नजरेतूनही तो सोहळा दिसतो. तेव्हाचा प्रक्षेपणाचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे तोफ. तोफेचं एक बरं असतं, आवाज सगळ्यांना ऐकू येतो. एक वाईटही असतं. तिला एकच वाक्य येतं. तेच राज्याभिषेकाला, तेच लढाईला.

पण माझ्यातल्या कारकुनाला भुरळ घातली ती नाण्यांनी. महाराजांनी राज्याभिषेकाच्या निमित्ताने सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. आता विचार करा. तोफेचा आवाज डोंगरापलीकडे विरतो, खलिता दरबारातच राहतो. पण शिवराई? ती बाजारात गेली, मीठवाल्याकडे गेली, तेल्याकडे गेली, लुगड्याच्या कनवटीला गेली. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं त्याच्याही तळहातावर बातमी येऊन पडली, की आपल्याला राजा झाला. शिवाय ही बातमी विकत घ्यावी लागत नव्हती. उलट बातमी देऊनच वांगी विकत घेता येत होती! शपथविधी घरोघर पोचवण्याचं इतकं फायद्याचं यंत्र पुढे कुणाला साधलेलं मला तरी दिसलं नाही.

तिकडे अमेरिकेत शंभरावर वर्षांनी जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष झाले. त्यांनी ४ मार्च १७८९ला कामावर हजर व्हायचं होतं. पण रस्ते इतके बेकार, की मतं मोजायला लागणारे सभासदच न्यूयॉर्कला वेळेत पोचले नाहीत. एप्रिलच्या मध्याला घोड्यावरून एक गृहस्थ वॉशिंग्टनसाहेबांच्या घरी गेले आणि म्हणाले, तुम्ही निवडून आलात. शपथ झाली ३० एप्रिलला. जवळजवळ दोन महिने उशिरा रुजू होऊनही सर्व्हिसबुकात लाल शेरा नाही! आमच्याकडे विरार लोकल दहा मिनिटं लेट झाली तरी मस्टरवर खूण होते.

१८४१ साली विल्यम हेन्री हॅरिसन नावाचे अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ अध्यक्ष झाले. म्हातारा दमलेला नाही हे दाखवायला ते मार्चच्या थंडीत, डोक्यावर टोपी नाही, अंगात ओव्हरकोट नाही, अशा थाटात जवळजवळ दोन तास बोलले. आणि महिन्याभरात वारले. थंडीने गेले असं पुष्कळ वर्षं सांगत. हल्लीचे डॉक्टर दूषित पाण्यावर आळ घेतात. पण माझ्या मनाला वेगळीच रुखरुख लागली. तेव्हा लाउडस्पीकर नव्हता. म्हणजे त्या दोन तासांतलं फार थोडं, फार थोड्यांना ऐकू गेलं असणार. माणसाने आयुष्यातलं सर्वांत लांब भाषण करावं आणि मागच्या रांगेने एकमेकांना विचारावं, "काय म्हणतायत?" हे दुःख ज्याने आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत अहवाल वाचलाय त्यालाच कळेल.

त्यानंतर यंत्रांची रांगच लागली. १८४५ला पोक यांच्या शपथविधीला सॅम्युएल मोर्स स्वतः आपलं तारेचं यंत्र घेऊन मंचावर बसले आणि कट्‌ कडकट्‌ करत बाल्टिमोरला वृत्तांत पाठवत राहिले. १८५७ला फोटो निघाला. १८९७ला हलतं चित्र आलं. १९२१ला हार्डिंग मोटारीतून आले आणि लाउडस्पीकरवरून बोलले. हॅरिसनना ऐंशी वर्षं आधी जन्मल्याचं नुकसान झालं, दुसरं काय!

या सगळ्यात मला सर्वांत आवडला तो १९२३चा शपथविधी. हार्डिंग अचानक वारले. उपाध्यक्ष कूलिज तेव्हा व्हरमाँटमधल्या खेड्यात वडिलांच्या घरी सुट्टीवर. घरात वीज नाही, फोन नाही. रात्री निरोप्या दार ठोठावत आला. आता शपथ कोण देणार? वडील नोटरी होते. पहाटे पावणेतीनच्या सुमारास, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, बापाने मुलाला शपथ दिली आणि मुलगा अमेरिकेचा अध्यक्ष झाला. नंतर म्हणे तो पुन्हा झोपायला गेला. हा माणूस मला बँकेतला वाटला. याच कूलिज यांची १९२५ची शपथ रेडिओवरून देशभर ऐकू गेली. दोन वर्षांत रॉकेलच्या दिव्यावरून रेडिओवर! पण शब्द? तेच पस्तीस. दिव्याखाली घेतलेली शपथ काही कमी पक्की ठरली नाही.

रेडिओचं खरं व्याज मात्र फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी वसूल केलं, आणि तेही आमच्या खात्यात. ४ मार्च १९३३ला ते शपथ घेत होते, तेव्हा अमेरिकेत मंदीने कहर केला होता. लोक बँकांपुढे रांगा लावून पैसे काढून नेत होते आणि राज्याराज्यांतून बँकांची दारं बंद होत होती. रूझवेल्टनी सगळ्याच बँकांना सुट्टी दिली. (इथे मी क्षणभर वाचन थांबवून त्यांना मनोमन नमस्कार केला.) मग १२ मार्चच्या रात्री ते रेडिओवर बोलले. कशावर? तर बँक म्हणजे काय, तुम्ही ठेवलेल्या पैशांचं बँक काय करते, आणि ते गादीखाली ठेवण्यापेक्षा बँकेत ठेवणं का बरं, यावर! दुसऱ्या दिवसापासून बँका हळूहळू उघडल्या, आणि लोक काढलेले पैसे परत भरायला रांगेत उभे राहिले. म्हणजे पहा, साऱ्या देशाला जे त्या माणसाने एका रात्रीत समजावलं, ते मला घरच्या दोन माणसांना अठरा वर्षांत जमलेलं नाही. ही म्हणाली, "त्यांना ते स्वतःला कळलं असेल."

त्यानंतर तिथे शपथेची तारीखच बदलली. पूर्वी नोव्हेंबरात निवडून आलेला माणूस मार्चमध्ये गादीवर बसे, कारण घोडागाडीने यायचं. आगगाडी, तार, टेलिफोन आल्यावर चार महिने कशाला? १९३७पासून २० जानेवारी ठरली. यंत्रांनी पंचांगातसुद्धा हात घातला तो असा. १९४९ला टेलिव्हिजन आला. आणि यंत्र आलं म्हणजे यंत्राचा बिघाडही आला. १९६१ला केनेडींच्या वेळी प्रार्थना चालू असतानाच भाषणाच्या चौरंगातून धूर निघायला लागला. विजेचा काहीतरी घोटाळा! हे वाचून मला अमेरिकेबद्दल पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं. आणि २००९ला ओबामांच्या शपथेत न्यायमूर्तींनीच शब्द मागेपुढे केले. पूर्वी ते मंचावरच राहिलं असतं; आता ते जगाने घरबसल्या पाहिलं. दुसऱ्या दिवशी खबरदारी म्हणून शपथ पुन्हा घेतली. आम्ही याला 'खाडाखोडीवर पुन्हा सही' म्हणतो.

आता आपल्याकडे यायचं.

२६ जानेवारी १९५०. दिल्लीचा दरबार हॉल. सकाळी दहा वाजून अठरा मिनिटांनी भारत प्रजासत्ताक झाल्याचं जाहीर झालं आणि दहा चोविसाला राजेंद्रबाबूंनी सरन्यायाधीश हरिलाल कानिया यांच्यासमोर राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. एकतीस तोफा झाल्या. दुपारी ते सहा घोड्यांच्या बग्गीतून मिरवत निघाले. म्हणजे रायगडाची तोफ होती, वॉशिंग्टनचा घोडा होता, आणि जोडीला आकाशवाणी होती.

आकाशवाणीचा आमच्या घराशी संबंध येतो तो आजोबांमुळे. आजोबा चिंचणी-तारापूरच्या बाजूला प्राथमिक शिक्षक. गावात वीज नव्हती. एका शेठजींकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ होता, आणि रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन काढावं लागे. त्या सकाळी शेठजींच्या ओटीवर सगळा गाव जमला. आजोबा धुतलेलं धोतर नेसून, शाळेतली पोरं रांगेने घेऊन गेले. रेडिओने तासभर समुद्राच्या गाजेसारखा आवाज काढला. मधूनच एखादा शब्द सुटून येई. आजोबा जन्मभर सांगत, की आपण राजेंद्रबाबूंची शपथ याचि देही ऐकली. आजी तितक्याच ठामपणे सांगे, की तो हवामानाचा अंदाज होता. तिचं म्हणणं, "वादळ" हा शब्द तिने स्वतः ऐकला.

लहानपणी आम्हाला यात फक्त गंमत वाटे. पण आजोबा एवढी माणसं घेऊन एका खरखरीपुढे तासभर हात जोडून का उभे राहिले, ते मोठेपणी कळलं. १४ ऑगस्ट १९४२ला पालघरात मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. आजोबांच्या पिढीला त्यांचे चेहरे आठवत होते. त्यांना काय ऐकायचं होतं ते त्यांना खरखरीतूनही ऐकू आलं. रेडिओ नसता तरी आलं असतं.

मग १९६०चा महाराष्ट्र आला. ३० एप्रिलच्या मध्यरात्री राजभवनावर नेहरूंच्या उपस्थितीत सोहळा झाला. १९७२च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन आलं, १९८२ला रंग आले, आणि पुढारी गोरे की सावळे ते लोकांना प्रथमच कळलं. राष्ट्रपतींचा शपथविधी तर १९७७पासून दर वेळी २५ जुलैलाच होतो. त्यामुळे आमच्या भागात तो भात लावणीच्या दिवसांत येतो, आणि लावणीच्या दिवसांत आमच्याकडे वीज येतेच असं नाही.

२५ जुलै २००७. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती व्हायच्या होत्या. पहिल्या महिला राष्ट्रपती, आणि मराठी! शाखेत टीव्ही नव्हता. समोरच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात सात संच होते, त्यांतले तीन चालत. आम्ही आळीपाळीने 'चहाला' जाऊन पाहायचं ठरवलं. माझी पाळी आली, ताई उभ्या राहिल्या, सरन्यायाधीश उभे राहिले, आणि कुठेशी तारेवर झाडाची फांदी पडून लाइट गेले. तिन्ही संच एकदम काळे. पावसात उभे असलेले आम्ही चाळीस जण त्या काळ्या काचेत आपापले चेहरे पाहत राहिलो. गंमत अशी, की तिथून रिक्षाच्या अंतरावर तारापूरचं अणुवीज केंद्र! १९६९ साली देशातली पहिली अणुवीज तिथे तयार झाली आणि १९ जानेवारी १९७०ला इंदिराबाईंनी ते केंद्र राष्ट्राला अर्पण केलं. अणूचा गाभा फोडणाऱ्यांच्या शेजारी राहून आम्ही भेंडीच्या झाडाच्या फांदीपुढे हरलो. दुकानदाराने ट्रान्झिस्टर काढला. बातमी कळली. शपथ झाली होती. ट्रान्झिस्टरला फांदीशी कर्तव्य नसतं.

यंत्र पुढे गेलं म्हणून सगळेच पुढे जातात असं नाही, हे मला १ ऑगस्ट २०१४लाही कळलं. त्या दिवशी ठाण्यातून आठ तालुके निघून पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. हा म्हणजे आमच्या गावाचा राज्याभिषेकच. मुख्यमंत्री आले, मांडव पडला, भाषणं झाली. पण बँकेतले रबरी शिक्के 'जि. ठाणे'चेच! नवे शिक्के वरून येईपर्यंत आम्ही शिक्का मारायचा, पेनने 'ठाणे' खोडायचं आणि वर 'पालघर' लिहायचं. संगणक त्याहून हट्टी. त्याच्या यादीत पालघर हा जिल्हाच नव्हता, आणि यादीत नसलेलं तो जगात मानत नाही. रबराचा शिक्का निदान खोडू तरी देतो.

२३ नोव्हेंबर २०१९ची सकाळ तर तुम्हालाही आठवत असेल. चौथा शनिवार, बँकेला सुट्टी. मी सकाळी सवयीने पेपर उघडला. मोठ्या मथळ्यात लिहिलेलं, उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत. मी हिला मोठ्याने वाचून दाखवत होतो, तेवढ्यात चिरंजीव आतून मोबाईल घेऊन आले आणि म्हणाले, "बाबा, फडणवीसांची शपथ झाली." मी म्हटलं, "जुना व्हिडिओ असेल." मुलगा म्हणाला, "आत्ता आठ वाजता. अजितदादापण आहेत." एका हातात छापलेला पेपर, दुसऱ्या हातात चमकणारा मोबाईल, आणि दोघांत वेगवेगळा मुख्यमंत्री! पेपरवाल्याची चूक नव्हती. रात्री छापलं तेव्हा ते खरंच होतं. पाच दिवसांत शिवाजी पार्कवर आणखी एक शपथविधी झाला आणि पेपर पुन्हा खरा ठरला. मी तो रद्दीत दिला नाही. पाच दिवस आगाऊ बातमी देणारा पेपर रोज मिळत नाही.

इथवर माझं भाषण छान जमलं होतं. तोफ, नाणं, तार, रेडिओ, टीव्ही, मोबाईल. शेवटी टाळ्यांचं वाक्य टाकलं, की मोर्स, मार्कोनी इत्यादींच्या कृपेने आज राष्ट्रपती प्रत्येकाच्या तळहातावर आहेत. चिरंजीव वाचून म्हणाले, "पण बाबा, शपथेत असतं काय?"

मी म्हटलं, "ते जाऊ दे, छापील असतं." पण मग बघितलं. अमेरिकेच्या अध्यक्षाची शपथ पदाचं काम नीट करीन आणि संविधान सांभाळीन इथे संपते. आपल्या संविधानाच्या साठाव्या अनुच्छेदात राष्ट्रपतीची शपथ आहे. तिच्यात हे दोन्ही आहेच, शिवाय एक जास्तीची गोष्ट आहे. जनतेची सेवा आणि तिचं कल्याण यांना स्वतःला वाहून घेईन, असंही म्हणावं लागतं. ते वाचलं आणि मला २०२२ची २५ जुलै आठवली. ती मी भाषणात घातली नव्हती. खरं म्हणजे कुठेच सांगितलेली नाही.

तेव्हा मी पालघर तालुक्यातल्या एका शाखेत होतो. सोमवार. बाहेर पाऊस, आत छत्र्यांचं पाणी आणि ही गर्दी. एक वारली आजी आली होती. तिची निराधारांची पेन्शन आमच्या खात्यात जमा होई. पूर्वी ती स्लिपेवर अंगठा उठवून पैसे नेई. मग अंगठा ओळखणारं यंत्र आलं. बँकेत आधी अंगठा होता, मग सही आली, सही आल्यावर अंगठेबहाद्दर म्हणून आम्ही हसलो, आणि शेवटी विज्ञान फिरून फिरून अंगठ्यावरच आलं! पण आजीचा अंगठा यंत्राला पटेना. साठ वर्षं चिखलात रोपं लावलेल्या बोटांवर रेषा राहतील कशा? यंत्र लाल दिवा लावून म्हणे, हा अंगठा या बाईचा नाही. मी तिला आधी तीनदा परत पाठवलं होतं. "आजी, पुढच्या आठवड्यात या, तेल लावून या, हात सुकवून या." दर खेपेला टमटमचं भाडं जाऊन येऊन. ही चौथी खेप.

सव्वादहाच्या सुमाराला आमच्या वॉचमनने मोबाईल खांबाला टेकवून उभा केला. द्रौपदी मुर्मू शपथ घेत होत्या. देशाच्या पहिल्या आदिवासी राष्ट्रपती. रांग विस्कटली आणि सगळे त्या चार बोटं रुंदीच्या काचेभोवती जमले. या वेळी लाइट गेले नाहीत, खरखर झाली नाही. ओरिसातल्या खेड्यातली ती बाई आमच्या शाखेत स्वच्छ दिसत होती. भाषणाची सुरुवात त्यांनी "जोहार" म्हणून केली.

आजीने चमकून विचारलं, "जोहार बोलली?"

वॉचमन म्हणाला, "हो आजी. आपल्यातलीच आहे."

आजीने छत्री काखेत धरली, दोन्ही हात जोडले आणि मोबाईलला म्हणाली, "जोहार, बाय." मग तेच जोडलेले हात घेऊन माझ्या काउंटरवर आली आणि अंगठा पुढे केला. यंत्राने लाल दिवा लावला.

आता मी तुम्हाला काय सांगू? साडेतीनशे वर्षांत माणसाने एवढी यंत्रं केली, की हजारावर किलोमीटरांवरची राष्ट्रपती या आजीला समोर दिसली. आणि त्या राष्ट्रपतीच्या राज्यात आजीचा अंगठा हातभर अंतरावरून ओळखायला कुणी नव्हतं. कुणी म्हणजे मी. मी तिला पाच वर्षं ओळखत होतो. तिच्या नातवाचं नावसुद्धा मला माहीत होतं. यंत्राला ती ओळखू आली नाही हा यंत्राचा प्रश्न. मला ओळखता येत असून मी यंत्राच्या तोंडाकडे पाहत होतो.

मी उठलो. स्टेशनरीच्या कपाटात तळाशी शाईचा पॅड होता, वाळून कोळ झालेला. त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. स्लिप भरली. आजीचा अंगठा धरून उठवला. वॉचमन तिच्याच पाड्याचा, त्याची साक्ष घेतली. मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. ते म्हणाले, "यंत्र आहे ना?" मी म्हटलं, "साहेब, मी ओळखतो यांना. मी सही करतो." नियमात जागा होती. ती नेहमीच होती. आम्ही कपाटाच्या तळाशी ठेवली होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं आणि सही केली.

आजीने पैसे मोजले नाहीत, कनवटीला लावले. जाताना मला म्हणाली, "तू आधी का नाय केलास?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. निष्ठेच्या त्या कागदावर काय छापलं होतं ते वाचलं असतं, तर कदाचित सापडलं असतं.

हे सगळं मी त्या रविवारी चिरंजीवांना सांगितलं. हीसुद्धा कणकेचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे बँकेत तुम्ही हे करता होय?"

चिरंजीवांनी भाषणातून मोर्स आणि मार्कोनी काढून टाकले आणि आजी घातली. पाच मिनिटांत सगळं बसेना. स्पर्धेच्या दिवशी माईक बंद पडला. मागच्या रांगेतून "मोठ्याने!" अशी आरोळी आली. मुलगा हॅरिसनसारखा बिनमाईकचा, बिनटोपीचा खणखणीत बोलला आणि उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन आला. बक्षीस म्हणजे एक पेन.

ते मी बँकेत नेलं आहे. त्याला दोरी बांधलेली नाही. शेजारी शाईचा पॅड असतो, आणि तो दर सोमवारी मी स्वतः ओला करतो.